जग जवळ आलं, की आपलीच माणसं पुन्हा भेटली?

नारायणपेठी (सोमवार, रात्री ९.४०)

'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध सगळ्यांचा शाळेतच लिहून झालाय. तोच आता सोशल मीडियाचं नाव घालून परत नको, म्हणून अट आधीच सांगतो. जून २०१७ मध्ये फेसबुकने आपलं ध्येयवाक्य बदललं आणि जगाला आणखी जवळ आणायचं काम अंगावर घेतलं. हे जवळ येणं कुठे होतं, कशाने होतं, आणि जिथे फसतं तिथे कुठला खिळा निखळलेला असतो, एवढंच लिहायचं. आकडे, पायऱ्या, यंत्रणा सगळं चालेल. आत्याला शाळेतली मैत्रीण चाळीस वर्षांनी सापडली हे वाचून आनंदच होतो, पण किस्स्यांसाठी वेगळा धागा आहे.

माझं मत : ओळखीची माणसं जवळ येतात, अनोळखी फक्त समोरासमोर येतात. खोडून दाखवा.

गणितवेडा (सोमवार, रात्री १०.१५)

समोरासमोर येणं मोजलेलं आहे. फेसबुकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ७२ कोटी खात्यांचं जाळं तपासलं, तेव्हा कुठल्याही दोघांच्या मधे सरासरी ३.७४ माणसं होती. २०१६ मध्ये १५९ कोटी खात्यांवर हाच हिशेब ३.५७ वर आला. म्हणजे सदाशिव पेठ ते साओ पावलो, मधे साडेतीन माणसं.

वाचायला झकास, पण आकडा कमी का होतो ते बघा. बहुतेकांचे मित्र एकाच गल्लीतले, एकाच कॉलेजातले. लांबचा पल्ला मारणारे दुवे मोजके : कुणी म्युनिकला शिकायला गेलेला, कुणी जहाजावर नोकरीला. असे थोडेसे दुवे जाळ्यात पडले की सगळ्यांमधलं सरासरी अंतर धाडकन खाली येतं, आणि त्यासाठी बाकीच्यांनी एकमेकांशी एक शब्दही बोलावा लागत नाही. रस्ता किती लांब आहे हे यातून कळतं. त्यावरून कुणी जातं का, हे कळत नाही.

आता उलट बाजू. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध छापला होता. बोस्टनजवळ ज्यांना ओळखीतून नोकरी लागली त्यांना विचारलं, की खबर देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून ५५.६, क्वचित २७.८. कारण साधं आहे. रोजच्या कट्ट्यावरच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं, नवी खबर लांबून येते. पूर्वी हे लांबचे धागे दिवाळीच्या ग्रीटिंगवर टिकायचे, आता वाढदिवसाच्या एका ओळीवर टिकतात. एकी वगैरे म्हणू नका, पण फुटकळही म्हणू नका.

वेताळटेकडी (सोमवार, रात्री १०.५०)

'जग' म्हणताना नकाशा तरी पुरा घ्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२३ च्या हिशेबाने सुमारे २६० कोटी माणसं मुळात ऑनलाइनच नव्हती. आणि जी आहेत त्यांच्यात भिंती आहेत.

चीनमध्ये फेसबुक २००९ पासून बंद, पुढे व्हॉट्सॲपही बंद. तिकडे वीचॅट. भारताने २९ जून २०२० ला ५९ ॲपवर बंदी घातली, तिच्यात टिकटॉकचा गाजावाजा झाला, पण वीचॅटही होतं. म्हणजे एकाने एक दार लावलं, दुसऱ्याने दुसरं. चीनमध्ये वैद्यकीय शिकणारी मुलं आणि इकडचे आईवडील यांच्यामध्ये दोन्हीकडे सरळ चालेल असं मोठं ॲप उरलं नाही. मायक्रोसॉफ्टचं टीम्स चालतं, दोघांकडे आयफोन असेल तर फेसटाइम, नाहीतर ईमेल. ॲपची निवड विमानात बसायच्या आधी करा आणि दोन्ही फोनवर खातं उघडून एकदा कॉल लावून बघा. तिथे पोचल्यावर डाउनलोड करू म्हणाल तर ॲप स्टोअरमध्ये ते नसतंच, आणि ओटीपी इकडच्या बंद पडलेल्या सिमवर येत राहतो.

दुबई-अबुधाबीत व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, कॉल लागत नाही. लोक नेट खराब आहे समजून राउटर बदलतात. नेट ठीक असतं, इंटरनेट कॉलिंगवर तिथे परवान्याची बंधनं आहेत. बोटिम, झूम, टीम्स वापरतात. रशियाने मार्च २०२२ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्विटर तिन्ही अडवली.

घड्याळजी (मंगळवार, सकाळी ७.०५)

भिंती नसल्या तरी घड्याळ असतंच. परदेशस्थ मराठी मंडळांचे ऑनलाइन कार्यक्रम फसतात ते मतभेदांमुळे कमी आणि वेळेमुळे जास्त. खालचा हिशेब वाखु (वाचनखूण) करून ठेवा.

शनिवारी रात्री ८.३० पुणे : मॉरिशस संध्याकाळी ७, लंडन दुपारी ४, न्यू जर्सी सकाळी ११, कॅलिफोर्निया सकाळी ८. सिडनीत मात्र मध्यरात्रीनंतर १.

रविवारी सकाळी ७.३० पुणे : न्यू जर्सी शनिवार रात्री १०, कॅलिफोर्निया शनिवार संध्याकाळी ७, सिडनी दुपारी १२. इथे लंडन गेलं, पहाटे ३.

दोन्ही हिशेब आपल्याकडच्या जून-जुलैतले आहेत. तात्पर्य, युरोप आणि ऑस्ट्रेलिया एकाच कार्यक्रमात अमेरिकेसह बसत नाहीत. तिघांना एकत्र ओढायचा हट्ट केला की एक कोपरा कायम जागरण करतो आणि तिसऱ्या महिन्यात यायचा बंद होतो. आलटून पालटून घ्या, एक महिना ही वेळ, एक महिना ती.

फसण्याच्या ठरलेल्या जागा :

मार्चमधला दुसरा रविवार. अमेरिकेची घड्याळं तेव्हा पुढे जातात, युरोपची मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यू जर्सी आणि लंडनमधलं अंतर पाचऐवजी चार तास असतं. दरवर्षी याच काळात अर्धी मंडळी तासभर आधी येऊन रिकाम्या पडद्याकडे बघत बसतात.

निमंत्रणात 'आयएसटी' लिहू नका. इस्रायल आणि आयर्लंडचे लोकही आपल्या वेळेला तेच म्हणतात. कॅलेंडरचं निमंत्रण पाठवताना वेळपट्टी 'आशिया/कोलकाता' निवडा, म्हणजे ज्याच्या त्याच्या फोनवर त्याची वेळ उमटते. फुलांची नक्षी असलेल्या जेपीजीवर छापलेली वेळ कुठल्याही फोनला कळत नाही.

फुकटचं झूम ४० मिनिटांना तुटतं. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक यातच २५ जातात.

मिसळपाव_नव्हे_उसळपाव (मंगळवार, सकाळी ९.२०)

घड्याळजी, हिशेब बिनतोड. पण शेवटी काय झालं? न्यू जर्सीतला मराठी माणूस सिडनीतल्या मराठी माणसाला भेटला. जग कुठे आहे यात? पेठेतला वाडा झूमवर बांधला एवढंच.

कापूसकोंड्या (मंगळवार, सकाळी ९.३२)

+१. आणि वाड्यात भाडेकरूंची भांडणं होतीच.

खोडदचा_रस्ता (मंगळवार, दुपारी १.१०)

जग बघायचं तर नारायणगावपर्यंत या. तिथून जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. 'रॅड ॲट होम' हा नागरिक-विज्ञानाचा भारतीय उपक्रम २०१३ पासून तिच्या निरीक्षणांवर काम करतोय आणि त्याची बैठक बराच काळ फेसबुकच्या गटातच भरते.

कामाची रीत अशी. आकाशाच्या एकाच तुकड्याची वेगवेगळ्या तरंगलांबींतली चित्रं एकावर एक चढवायची, लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, आणि वर रेडिओ संकेताच्या समोच्च रेषा (सारख्या तीव्रतेच्या जागा जोडणाऱ्या). मग शोधायचं की रेडिओचा झोत ज्या दीर्घिकेतून (गॅलेक्सीतून) निघालाय असं वाटतं, तिथे खरंच दीर्घिका आहे का. सदस्य चित्र टाकतो, सोबत स्थान आणि आपला तर्क. बाकीचे तर्क तपासतात, खगोलशास्त्रज्ञ अखेरचा कौल देतात. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे मागची-पुढची दीर्घिका एकाच रेषेत आली की तिला झोताची मालकीण ठरवणं. ती चूक चारचौघांत दुरुस्त होते, आणि पुढचा नवखा ती चर्चा वाचून शहाणा होतो. आरएडी१२ ही शेजारच्या दीर्घिकेवर रेडिओ फुगा सोडणारी दीर्घिका यांच्याच कामातून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली.

दुसरं उदाहरण २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपाचं. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर जगभरच्या हजारो लोकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते, घरं, उतरायला मोकळ्या जागा काढल्या. भाषा एक नाही, देश एक नाही. जमलं कशामुळे? नकाशाचे चौकोन पाडलेले असतात. एकाने चौकोन उचलला की तो दुसऱ्यासाठी बंद होतो, नाहीतर एकाच घरावर दोन घरं काढली जातात. काढणारा वेगळा, तपासणारा वेगळा. आणि चित्र काही मीटर सरकलेलं असेल तर आधी ते जुळवून घ्यायचं, नाहीतर अख्खा गाव नदीत जातो.

काम लहान तुकड्यांत कापलेलं, चूक दिसेल अशी मांडणी, तपासणारा ठरलेला. या तीन गोष्टी असतील तर अनोळखी माणसं एकत्र नांदतात. फेसबुक किंवा ट्विटर तिथे फळ्याचं काम करतं, 'या, हात हवेत' एवढंच लिहिण्यापुरतं.

नारायणपेठी (मंगळवार, दुपारी २.००)

@खोडदचा_रस्ता, मान्य. पण हे नकाशाचं यश आहे, फळ्याचं नाही. माझं वाक्य अजून उभं आहे.

धर्मादाय (मंगळवार, संध्याकाळी ६.४५)

फळ्याला कमी लेखू नका. २०१४ च्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फाची बादली ओतायच्या खेळातून अमेरिकेतल्या एएलएस (स्नायू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) संस्थेकडे ११.५ कोटी डॉलर जमले, आणि एनईके१ या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध २०१६ मध्ये ज्या संशोधनातून पुढे आला, त्याला त्यातला पैसा लागला. आपल्याकडे २०२१ मध्ये एसएमए (स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार) झालेल्या बाळांसाठी सुमारे १६ कोटींच्या एका डोसचे आवाहन फिरले. ओळखदेख नसलेल्यांनी शंभर-पाचशे टाकून रकमा उभ्या केल्या. मुंबईतल्या एका बाळाच्या औषधावरचा आयातकर केंद्राने माफ केला, तोही हा गवगवा झाल्यावर.

इथे बिघडतं ते असं : खरं आवाहन उचलायचं, फोटो तोच ठेवायचा, फक्त क्यूआर कोड बदलायचा. म्हणून पैसे देण्याआधी :

क्यूआर स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतं ते वाचा. रुग्णाच्या नातेवाइकाचं, रुग्णालयाचं किंवा निधी गोळा करणाऱ्या संस्थेचं नसेल तर थांबा.

रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर तारीख आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा. नंबर पोस्टमधला लावू नका, रुग्णालयाच्या संकेतस्थळावरचा शोधून लावा आणि समाजसेवा विभाग मागा. रुग्ण दाखल आहे का आणि देणगी थेट बिलात जमा होते का, एवढंच विचारा. आजाराचा तपशील ते देणार नाहीत, देऊही नये.

उपचार संपलेले असले तरी पोस्ट वर्षानुवर्षं फिरते. पोस्टमध्ये तारीख नसणं हीच धोक्याची खूण.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), पुढे ढकलण्याआधी कुटुंबाला हेही कळवा, की महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. पुष्कळदा आवाहन देशभर फिरतं आणि हा अर्ज भरलेलाच नसतो. शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

नदीपात्र (मंगळवार, रात्री ९.१५)

एवढ्या गोडव्यात दोन तारखाही असू द्या. जून २०१४ : फेसबुकवर महापुरुषांची विटंबना करणारी चित्रं आली, पुण्यात दगडफेक सुरू झाली आणि हडपसरमध्ये एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला मारून टाकलं. १ जुलै २०१८ : धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केलं.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या मुलं पळवण्याच्या क्लिपांपैकी एक कराचीची होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात. मूळ फिल्म तिथल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला बनवली होती आणि तिच्या शेवटी मूल परत आणून सोडतात. कुणीतरी तो शेवट कापला. क्लिप सीमा ओलांडून आली, अर्थ तिकडेच राहिला.

मग व्हॉट्सॲपने भारतात जुलै २०१८ मध्ये एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा घातली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली, आणि एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला जातो. यंत्रणा समजून घ्या. संदेश कूटबद्ध असतात, कंपनी मजकूर वाचत नाही, म्हणून किती वेळा पुढे गेला हा मोजआकडा संदेशाबरोबरच प्रवास करतो. पाच किंवा जास्त हातांतून गेला की दुहेरी बाण दिसतो. एकेरी बाण म्हणजे फॉरवर्ड आहे, पण अजून फार फिरलेला नाही. व्हिडिओ गॅलरीत साठवून परत चढवला, मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा स्क्रीनशॉट काढला, की मोजणी शून्यावर. त्यामुळे बाण नाही म्हणजे ताजी, पहिल्या हातची बातमी, असं धरून चालू नका.

कापूसकोंड्या (मंगळवार, रात्री ९.४०)

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

बाराखडी (मंगळवार, रात्री ११.३०)

अर्थ तिकडेच राहिला, यावर पुढे.

म्यानमारमध्ये बहुतेक फोन झॉजी नावाच्या फाँटवर चालायचे. तो युनिकोडच्या पट्ट्यातले संकेत वापरायचा, पण स्वतःच्या रीतीने. आपल्याकडे श्रीलिपी या युनिकोडपूर्व फाँटातली जुनी फाइल ईमेलमध्ये चिकटवली की जो कचरा दिसतो, तोच प्रकार अख्ख्या देशाच्या पातळीवर. परिणाम असा, की द्वेषाची पोस्ट यंत्राला धड वाचताही येत नव्हती, भाषांतर तर दूरच. आणि रॉयटर्सच्या बातमीनुसार २०१५ च्या सुरुवातीला फेसबुककडे तक्रारी तपासणारी बर्मी जाणणारी माणसं होती दोन. रोहिंग्यांवरच्या हिंसाचारानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने आपण फार उशीर केल्याचं कबूल केलं. म्यानमारने अधिकृतपणे युनिकोड स्वीकारला १ ऑक्टोबर २०१९ ला.

मराठी लिपीच्या बाबतीत आपण सुटलो, पण भाषेच्या बाबतीत नाही. अर्धी मराठी रोमन अक्षरांत लिहिली जाते आणि त्यात 'आहे' हा एकच शब्द तीन-चार तऱ्हांनी येतो. 'मेल्या, फोन का नाही केलास?' यात यंत्राला मृत्यू दिसतो, आपल्याला माया. उलट 'आपण फारच विद्वान दिसता' यात यंत्राला कौतुक दिसतं. (पुणेकरांना काय दिसतं ते लिहायला नको.) पुण्यातल्याच एलथ्रीक्यूब या भाषा-संगणन संशोधकांच्या गटाने २०२२ मध्ये 'महाहेट' हा साठा खुला केला : २५ हजारांवर मराठी ट्वीट, प्रत्येकावर खूण, द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ किंवा यांतलं काहीच नाही. हे काम माणसांनी बसून करावं लागतं आणि त्यातले टोमणे कुठल्या रकान्यात टाकायचे यावर खूण करणाऱ्यांचंही एकमत होणं अवघड. इंग्रजीत असे साठे ढिगाने आहेत. जग जोडणाऱ्या कंपन्यांचं लक्ष कुठल्या भाषेकडे आधी जातं, ते यावरून समजा.

उलटा_चष्मा (बुधवार, सकाळी ८.२०)

आता कुणीतरी 'सगळा दोष अल्गोरिदमचा' (कुठली पोस्ट वर दाखवायची ते ठरवणाऱ्या यंत्राचा) म्हणायच्या आत. दोष आहेच : फेसबुकने २०१७ मध्ये रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, ते कमी करत सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आणलं. म्हणजे तीन वर्षं चिडवणारी पोस्ट वर तरंगत होती.

पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या २०२० च्या निवडणुकीवरचे अभ्यास छापून आले. त्यांत काही हजार लोकांना तीन महिने अल्गोरिदम काढून नुसती वेळेच्या क्रमाने फीड दिली. शिवराळ मजकूर कमी झाला, राजकीय आणि बेभरवशाचा मजकूर उलट वाढला, आणि लोकांची मतं होती तिथेच राहिली. फीड क्रमाने लावा, माणसं सुधारतील, हा उपाय तरी एवढ्या मुदतीत चालला नाही. शिवाय लोकांनी त्या काळात फेसबुकवर वेळही कमी घालवला, म्हणजे कंपनीला हा उपाय का नको असतो तेही कळलं.

मिसळपाव_नव्हे_उसळपाव (बुधवार, सकाळी ९.०५)

म्हणजे आम्हीच भांडखोर. हे पुण्यात नव्याने सांगायची गरज होती का?

घड्याळजी (बुधवार, दुपारी १२.३०)

@उसळपाव, कालचा तुमचा वाड्याचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. झूमवरचे सगळे मराठी एका वाड्यातले नसतात. मॉरिशसमधली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत, रोजची बोली क्रिओल. इस्रायलमधल्या बेने इस्रायलींच्या (महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या ज्यूंच्या) नव्या पिढीची हिब्रू. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलंय, पण घरातल्या नातवंडांना देवनागरी वाचता येईलच असं नाही. आपल्याकडचा लांबलचक देवनागरी फॉरवर्ड तिथे नुसतं चित्र असतं.

अशा गटात काय चालतं : दीड मिनिटाच्या आतला आवाजी संदेश, खाली त्याचाच सार रोमन अक्षरांत दोन ओळी. आरती किंवा अभंग असेल तर शब्द देवनागरी आणि रोमन दोन्हीत, एकाखाली एक. व्हॉट्सॲप ग्रुपला १०२४ ची मर्यादा आहे म्हणून १०२४ भरू नका. दीडशेच्या पुढे गेला की बोलणारे दहा आणि बघणारे बाकीचे. घोषणांचा ग्रुप वेगळा, तिथे फक्त ॲडमिन लिहितील. गप्पांचा वेगळा. ॲडमिन निदान तीन, तीन वेगळ्या वेळपट्ट्यांतले, नाहीतर इथली रात्र ही तिकडची मोकळी दुपार असते आणि सकाळी उठून चारशे संदेश पुसावे लागतात.

नारायणपेठी (बुधवार, दुपारी १.१५)

मग गणेश चतुर्थीला करून बघू या का? मॉरिशसमध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. पुण्यातली संध्याकाळची आरती आणि तिथली एकाच वेळी.

घड्याळजी (बुधवार, दुपारी १.२२)

मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि तिथे घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे हा हिशेब बारमाही. इथे ८.३० ला आरती धरली तर तिथे ७. पण दोन्हीकडून एकत्र गाता येणार नाही हे आधीच सांगून ठेवा. आवाज पोचायला थोडा उशीर होतो आणि टाळ्या घसरत जातात. एका बाजूने गायचं, दुसऱ्या बाजूचे माइक बंद, पुढच्या आरतीला उलट. झूमच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, नाहीतर झांजा गोंगाट समजून गाळल्या जातात.

कापूसकोंड्या (बुधवार, दुपारी १.३०)

इथला डीजेही गाळेल का?